पाठ लावून पाहिलेलं घर

बाबा घर बघायचे नाहीत, घरात बसायचे. घर दाखवणारा माणूस इकडे न्हाणी, तिकडे माळा असं सांगत पुढे निघालेला असायचा आणि बाबा दारात चपला काढून, कुठलीतरी एक भिंत निवडून, तिला पाठ लावून खाली बसलेले असायचे. डोळे मिटून. आई लाजेने अर्धी व्हायची. "अहो, उठा ना, लोक काय म्हणतील," असं दबक्या आवाजात म्हणायची. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर होतं, "घरात राहायचं म्हणजे काय करायचं? बसायचंच ना? मग बसून बघतो."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये बराकीतल्या भाड्याच्या खोलीत राहायचो. घरात माणसं तीनच. आई, बाबा आणि मी. खोलीवर पत्रा होता. वैशाखात दुपारी त्या पत्र्याखाली बसलं की तव्यावरच्या भाकरीसारखी गत व्हायची, एक बाजू भाजली की कूस बदला. बाबा मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. उभा जन्म त्यांनी आगीसमोर काढला. कामावर भट्टी आणि घरी पत्रा. निवृत्त झाले तेव्हा हातात फंड आला आणि छातीत दमा. मी कॅम्पातच एका शेठच्या कापडाच्या पेढीवर नोकरीला होते. माझं लग्न जमत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते जमवायचंही नव्हतं.

बाबांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. स्वतःच्या मालकीच्या भिंतीला पाठ टेकायची. बस्स. गाडी नको, सोनं नको, तीर्थयात्रा तर आमच्यात नाहीच. "भिंत आपली पाहिजे," म्हणायचे. "खिळा ठोकायचा तर कुणाला विचारायला लागू नये."

आता घर बघताना आपणच घराला तोलतो असं कुणाला वाटत असेल तर तो भाग्यवान माणूस म्हणायचा. आम्हाला घरमालकही तोलायचा. अंबरनाथला पूर्वेला एक छान बैठं घर पाहिलं होतं. बाबांची पाठ भिंतीला जमली होती, आई मोरीचा नळ सोडून बघत होती, आणि मालकाने हसत हसत विचारलं, "आपलं आडनाव काय म्हणालात?" बाबांनी सांगितलं. हसू तसंच राहिलं, पण माणूस त्यातून निघून गेला. म्हणाला, "अरे, सांगायचंच राहिलं बघा, कालच एकांकडून बयाणा घेतलाय." पालेगावात तर बयाण्याची थापही मारली नाही. "इथे आमच्याच लोकांची वस्ती आहे, तुम्हाला करमायचं नाही," असं सरळ तोंडावर. आमच्या करमण्याची केवढी ती काळजी! माझ्या डोक्यात तिडीक जायची, मी भांडायला उठायचे. बाबा नुसते पाठ झटकायचे, चपला घालायचे आणि रस्त्याने चालताना म्हणायचे, "भिंत चांगली होती पण."

मग बदलापूरचं घर मिळालं. जुन्या गावात, नदीच्या अंगाला, गल्लीच्या टोकाला. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, मागे चुलीची खोली. पूर्वेला शेजाऱ्याचं उंच घर आणि दक्षिणेला चिंचेचं अवाढव्य झाड, त्यामुळे ऊन म्हणून आत येत नव्हतं. आम्ही गेलो तो भर वैशाख. रस्त्यावर डांबर वितळत होतं. त्या घराचा उंबरा ओलांडला आणि आई "अगं बाई!" म्हणून जागीच उभी राहिली. आत माठातल्यासारखा गारवा. बाबांनी भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले, आणि ते उठेचनात. मी जवळ गेले तर त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. "पोरी," म्हणाले, "अख्खी नोकरी उतरली गं अंगातून."

घराची मालकीण म्हातारी होती, तिथल्याच जुन्या घराण्यातली. मुलाकडे राहायला जायचं म्हणून घर विकत होती. एवढ्या उन्हाळ्यातही तिची चूल पेटलेली होती, वर कसलंसं आधण ठेवलेलं. तिने आम्हाला गूळपाणी दिलं. आता विचारेल, मग विचारेल, म्हणून मी मनातल्या मनात कंबर कसून बसले होते. पण म्हातारीने आडनाव विचारलंच नाही. तिने आईला एकच प्रश्न विचारला, "चूल पेटवाल ना गो?"

आई फुशारकीने म्हणाली, "छे हो! आमचा गॅसचा नंबर लागलाय."

म्हातारी थोडा वेळ चुलीकडे बघत राहिली. मग "बरा," म्हणाली.

तर अशी आम्ही त्या घराची पारख केली. पत्र्याखाली भाजून निघालेली माणसं दुसरी कुठली पारख करणार? आम्हाला गारवा हवा होता, गारवा मिळाला. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. थंडीत हे घर कसं असेल, हा प्रश्न आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्याला शिवला नाही. ऊब ही गोष्ट घर बघताना बघायची असते, हे आम्हाला कोण सांगणार होतं? आम्हाला ऊब नेहमी फुकट आणि नको तेवढी मिळालेली.

राहायला गेलो त्या दिवशी वंदना झाली, खीर झाली, दोन्ही तसबिरी बाबांनी स्वतः खिळे ठोकून लावल्या. कुणाला न विचारता. मग आईने पहिलं काम काय केलं असेल, तर चूल मोडली. धुराने काळी झालेली ती मागची खोली घासली, पांढरीफेक केली, कडाप्प्याचा ओटा घातला आणि त्यावर गॅसची शेगडी मांडली. आयुष्यभर स्टोव्हला पंप मारलेली बाई ती. ओट्याला हळदीकुंकू तेवढं लावायचं बाकी होतं, आणि आमच्यात लावत असते तर तेही लावलं असतं. शेजारची काकू भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "चूल मोडलीत? घर विझवलंत की हो." आम्हाला वाटलं, जळते मेली.

पाऊस आला. भिंतींना खालून ओल चढू लागली. आम्ही म्हटलं, पावसात ओल कुणाच्या घरी नसते. पाऊस गेला, दिवाळी गेली, ओल मात्र गेली नाही. उन्हाला आत यायला वाट नव्हती आणि आग आम्हीच हाकलून दिली होती. कित्येक वर्षं त्या घरात पहाटेपासून झोपेपर्यंत चूल धगधगत होती, तेव्हा त्या भिंती कोरड्या राहत होत्या. हे आम्हाला कळलं ते मार्गशीर्षात, बाबांच्या छातीतून.

बदलापूरची थंडी मुंबईतल्या नातेवाइकांना खोटी वाटायची. "तिकडे कसली आलीय थंडी," असं म्हणायचे. त्यांनी एकदा यावं आणि पौषात त्या भिंतीला पाठ लावून बसावं. बारवीच्या डोंगराकडून वारा सुटायचा, कौलांच्या फटींतून खाली उतरायचा आणि घरात मुक्काम करायचा. आणि भिंती! बाहेर ऊन पडलं तरी त्यांना पत्ता नसायचा. बाबांना धाप लागायची, ओठ निळसर पडायचे, खांदे वर उचलून श्वास ओढायचे. संध्याकाळी मी त्यांचे तळपाय मोहरीच्या तेलाने चोळायचे. हात दुखेस्तोवर चोळलं, दोन-दोन मोजे चढवले, तरी तळवे गारच. नदीतून आत्ता काढलेल्या दगडासारखे.

मग आईने अंगणातल्या विटा आणून पुन्हा चूल मांडली. रडत रडत मांडली. लाकडं पेटली, खोली तापली, भिंतीला हात लावला तर खरंच सुखावली होती. पण धुराने बाबांना असा खोकला लागला की आम्हाला वाटलं, आत्ताच सगळं संपतं. दोघींनी धरून त्यांना बाहेर काढलं आणि चुलीवर पाणी ओतलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आग नसेल तर थंडी छाती धरायची, आग असेल तर धूर. मग कोळशाची शेगडी अंगणात पेटवायची, धूर सरला, निखाऱ्यावर राख धरली की आत आणायची, दार किलकिलं ठेवायचं, असं सुरू केलं. तिची ऊब शेगडीपासून हातभर. त्याच्या पलीकडचं सगळं भिंत पिऊन टाकायची.

उल्हासनगरचे डॉक्टर बाबांची छाती तपासून झाल्यावर मला बाहेर बोलवून म्हणाले, "औषधाने भागेल तेवढं भागवलं. यांना कोरडं, उन्हाचं घर पाहिजे. पुढचा हिवाळा त्या घरात काढू नका."

सगळा फंड त्या भिंतींत गेलेला. हे घर विकल्याशिवाय दुसरं मिळणार नव्हतं. भाड्याच्या खोलीत परत जाऊ म्हटलं तर बाबा ऐकेनात. "आता भाड्याच्या भिंतीला पाठ लावायची नाही," म्हणाले. मी खूप चिडले, खूप रडले. शेवटी ते एवढ्याला तयार झाले, की घर विकावं आणि येणाऱ्या पैशात लहानसं का होईना, आपलंच घ्यावं. त्यांची एकच अट होती. "येणाऱ्याला आडनाव विचारायचं नाही."

"नाही विचारणार," मी म्हटलं. मला तर येणारा कुणी का असेना, फक्त पावसाच्या आत यायला हवा होता.

मी पेढीवर उगीच बसत नव्हते. शेठ म्हणायचा, "माल विकायचा असेल तर त्याची तब्येत गिऱ्हाइकाला सांगायची नसते." मी भिंतींचे पोपडे खरवडून घेतले, चांगला रंग काढून घेतला, आणि दलालाला बजावलं, की माणसं आणायची ती वैशाखातच आणि दुपारचीच. ज्या गारव्याने आम्हाला गंडवलं तोच आता कामाला लावायचा. यात मला काही गैर वाटलं नाही. आजही वाटत नाही. माझा बाप जगवायचा होता मला. ज्यांना गैर वाटतं त्यांनी तसल्या हिवाळ्यात आपल्या बापाचे तळवे चोळून बघावेत.

अंबरनाथहून एक जोडपं आलं. तो कारखान्यात नोकरीला, साधा, भिडस्त. ती नुकतीच पोटुशी, पहिलटकरीण, हे दलालाने आधीच सांगितलेलं. उन्हाने नुसती लालबुंद झालेली. आत आली आणि आईने पाणी आणेपर्यंत, भिंतीला पाठ लावून खाली बसली. बरोब्बर बाबांच्या जागेवर. डोळे मिटले आणि म्हणाली, "आई गं! किती गार आहे हो इथे!"

मी मनात म्हटलं, झालं काम. तो नवराही हसला. "हिला आवडलं म्हणजे प्रश्नच मिटला," म्हणाला. देण्याघेण्याचं बोलणंही सुरू झालं. त्याने फार ताणलंच नाही.

बाबा खाटेवर बसले होते. ते तिच्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "बाळंतपणाला माहेरी जाणार का, बाळ?"

"माहेरी कुणी नाही हो," ती म्हणाली. "इथेच. सासूबाई करतील सगळं. मार्गशीर्षातली तारीख आहे."

बाबांची नजर भिंतीकडे गेली. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. त्यांचा स्वभाव मला माहीत होता. आईनेही ओळखलं असणार, ती उगीचच "चहा टाकते" म्हणाली. पण तोवर बाबा उठले होते. धाप सांभाळत तिच्याजवळ गेले आणि खाली तिच्या शेजारी बसले.

"हे घर घेऊ नकोस, पोरी," म्हणाले. "हा गारवा आत्ताचा आहे. मार्गशीर्षात ही भिंत बर्फ होते. बाळंतिणीला शेक लागतो. बाजेखाली शेगडी लागते, बाळाला धुरी लागते. इथे शेगडीची ऊब टिकत नाही आणि धूर बाहेर जात नाही. मी बॉयलरवर काम केलंय, मला आगीतलं कळतं. मला दमा आहे म्हणून विकतोय. वाटलं तर थंडीत ये आणि भिंतीला हात लावून बघ."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने आधी पोटावर हात ठेवला, मग मागे वळून भिंतीकडे पाहिलं. तिचा नवरा उठला, बाबांच्या पाया पडला. पडू नका म्हटलं तरी पडला. चहा न घेता दोघं निघून गेली. दलालाने दारातूनच मला हात जोडले. त्यानंतर त्याने एकही माणूस आणला नाही.

त्या दिवशी मी बाबांना जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "तुम्हाला दुसऱ्याची पोर दिसली, स्वतःची नाही दिसली?" हे मात्र ओरडून विचारलं होतं. "आपण हे घर घेताना आपल्याला कुणी सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं की," बाबा म्हणाले. "म्हातारीने विचारलं नव्हतं का, चूल पेटवाल ना म्हणून? तिने निम्मं सांगितलं होतं. मी पुरतं सांगितलं."

"मग तुम्हीही निम्मंच सांगायचं होतंत!"

मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की मी जेवले नाही. त्यांनीच ताट आणून माझ्यापुढे ठेवलं.

दुसरा हिवाळा आला. आम्ही अंगणात खाट टाकली. शेजाऱ्याच्या घराच्या कोपऱ्यावरून सकाळी उन्हाचा एक पट्टा अंगणात यायचा आणि सरकत सरकत चिंचेखाली विरून जायचा. त्या पट्ट्याबरोबर आम्ही बाबांची खाट सरकवायचो. मी एकीकडून, आई दुसरीकडून. बाबा वरून म्हणायचे, "राजाची पालखी निघाली बघा." ऊन गेलं की आत. आत मग रात्र होईपर्यंत मी, तेल आणि ते तळवे. पौषातल्या एका सकाळी ऊन पुढे सरकलं म्हणून मी खाट उचलायला गेले. नेहमीसारखं पालखीचं बोलतील म्हणून थांबले. ते बोलले नाहीत. त्यांच्या तोंडावर ऊन होतं अजून.

लोक आले, वंदना झाली, सगळं रीतीप्रमाणे झालं. मी रडले नाही. मला राग होता. माणूस गेल्यावर राग कुणावर काढायचा हे कळत नाही, म्हणून मी तो भिंतीवर काढायचे, भांडी आपटायचे, आईवर खेकसायचे. मनात एकच. त्या दिवशी गप्प राहिला असतात तर आज असता.

माघ लागला तरी थंडी होतीच. एका दुपारी दार वाजलं. उघडलं तर ती उभी होती. अंबरनाथची. कडेवर शालीत गुंडाळलेलं बाळ, मागे नवरा.

"सव्वा महिना झाला," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच बाहेर पडले. बाबांना बाळ दाखवायचं होतं."

मी दारातच उभी राहिले. शेवटी आई मागून आली, तिने तिच्या हाताला धरून आत घेतलं आणि तसबिरींखालच्या बाबांच्या फोटोकडे बोट केलं. ती बाई मटकन खाली बसली. बसताना तिची पाठ भिंतीला लागली आणि चटका बसल्यासारखी ती पुढे सरकली. मग वळून तिने भिंतीवर पंजा ठेवला. बराच वेळ ठेवला. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अहो, हात लावून बघा." त्यानेही लावला. आई उठून अंगणात गेली आणि बाळासाठी शेगडी पेटवू लागली.

"घर घेतलंत का कुठे?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"घेतलं. एकच खोली आहे, अंबरनाथलाच," ती म्हणाली. "पण सकाळपासून ऊन असतं." आणि एकदम तिला रडू कोसळलं. डोळे पुसायला हात मोकळा हवा म्हणून तिने बाळ माझ्याकडे दिलं.

मला बाळं घ्यायची सवय नाही. मी अवघडून त्याला मांडीवर घेतलं. त्याने पाय झाडले, शाल बाजूला झाली आणि त्याचे दोन्ही तळवे माझ्या हातात आले. गरम होते. नुकत्याच भाजलेल्या पोळीसारखे, मऊ आणि गरम. मी ते मुठीत धरले. इतक्या दिवसांचं रडू त्या वेळी आलं, आणि काही केल्या थांबेना.

आईने निखारे फुलवून शेगडी आत आणली, माझ्याजवळ ठेवली. ती बाई हात पुढे करून म्हणाली, "द्या हो, तुमची साडी ओली करेल."

"राहू दे," मी म्हटलं. "अजून थोडा वेळ राहू दे."